चूक कुणाची हे कसं ठरतं: सांबा आणि त्याचे बग

“अहो, एकाच फोल्डरात एकाच नावाच्या दोन फायली असतात का कधी?”

दिवाळी अंक काढणाऱ्या एका छोट्या कचेरीचं संगणकाचं काम मी बघतो. चार विंडोज संगणक, मुखपृष्ठ करणाऱ्या चित्रकाराचा जुना मॅक आणि कपाटात बसवलेला एक लिनक्सचा सर्व्हर, एवढाच पसारा. सप्टेंबरात अंकाचं काम ऐन रंगात आलेलं असताना संपादिका बाईंचा हा फोन आला. नसतात, असं मी ठामपणे सांगितलं. जाऊन बघितलं तर होत्या. ‘दुसऱ्या वाचनाचं प्रूफ’ नावाच्या दोन पीडीएफ, एकीखाली एक. काना, मात्रा, मधल्या मोकळ्या जागा, सगळं तंतोतंत सारखं. एकीत जुन्या दुरुस्त्या, दुसरीत नव्या. त्यातली छापखान्यात कुठली गेली होती ते इथे सांगत नाही.

संशय अर्थातच सर्व्हरवर गेला, आणि सर्व्हरवरून सगळ्यांना फायली वाटून देणारा प्रोग्राम म्हणजे सांबा. मी सांबाच्या नावाने बग, म्हणजे प्रोग्राममधली चूक, नोंदवायला बसलोसुद्धा. पण नोंदवण्याआधी तिथले जुने बग वाचत गेलो आणि दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे माझी तक्रार चुकीच्या दारात चालली होती. दुसरी अशी की या सॉफ्टवेअरमध्ये ‘चूक’ या शब्दाचा अर्थच वेगळा आहे. हा लेख मुख्यतः त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल.

आधी सांबा काय करतो ते बघू. विंडोजचे संगणक एकमेकांच्या फोल्डरांत डोकावताना एक ठरावीक भाषा बोलतात. तिचं नाव एसएमबी. १९८०च्या दशकात आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी तिचा पाया घातला, पुढे मायक्रोसॉफ्टने ती वाढवली, वाकवली, पुन्हा वाढवली. लिनक्सची जडणघडण युनिक्स या जुन्या प्रणालीची, त्याला ही भाषा जन्मतः येत नाही. सांबा लिनक्सवर बसतो आणि समोरच्या विंडोजला वाटायला लावतो की आपण दुसऱ्या विंडोजशीच बोलतोय. आपल्याकडचा बहुरूपी पोलिसाचं सोंग घेऊन दारात यायचा, तसं हे सोंग आहे. फरक इतकाच की बहुरूप्याचं सोंग सगळ्यांना कळलेलं असायचं आणि तरी चालायचं. सांबाचं सोंग एका बटणापुरतं जरी उघडं पडलं तरी समोरचा फाईल उघडायला नकार देतो.

हे सोंग पहिल्यांदा घेतलं गेलं ते कॅनबेरामध्ये. डिसेंबर १९९१मध्ये अँड्र्यू ट्रिजेल ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होते. त्यांच्या डॉसच्या संगणकावर डिजिटल कंपनीचं पाथवर्क्स नावाचं सॉफ्टवेअर आलं. ते डिजिटलच्याच सर्व्हरशी बोलायचं, सन कंपनीच्या यंत्रांशी नाही. त्यामुळे सनवरच्या त्यांच्या स्वतःच्या फायली त्यांना मिळेनाशा झाल्या. हे दोघं तारेतून काय बोलतात ते बघून आपणच तसा सर्व्हर लिहावा, असं त्यांच्या डोक्यात आलं. त्याआधी त्यांनी नेटवर्कचा एकही प्रोग्राम लिहिलेला नव्हता, सॉकेट (प्रोग्रामचं नेटवर्कवर बोलायचं दार) म्हणजे काय हेही माहीत नव्हतं, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. जानेवारी १९९२मध्ये पहिली आवृत्ती बाहेर पडली. आपण ज्या भाषेची नक्कल करतोय ती एसएमबी आहे, हे त्यांना तेव्हा ठाऊकही नव्हतं.

नावाची गोष्ट गंमतीची आहे. आधीच्या नावात एसएमबी ही अक्षरं होती, पण त्या नावावर एका कंपनीने हक्क सांगितला. मग ट्रिजेल यांनी संगणकातल्या शब्दांच्या यादीत शोध लावला: एस, एम आणि बी ही अक्षरं याच क्रमाने असलेले शब्द कुठले? उत्तरं आली ती सॅमनबेरी, सांबा, सॉटिंबर आणि स्क्रॅम्बल. यातून सांबा निवडलं हे जगाचं नशीब.

या नक्कल करण्याच्या पद्धतीसाठी ट्रिजेल फ्रेंच कॅफेचा दाखला देतात. समजा तुम्हाला फ्रेंच शिकायचंय, पण पुस्तक नाही आणि शिक्षकही नाही. मग कॅफेत जाऊन बसा, गिऱ्हाईक काय म्हणतं आणि वेटर काय आणून ठेवतो ते टिपत राहा. कुणी आपल्या अमृततुल्यात बसून मराठी शिकायचं ठरवलं तर ‘दोन कटिंग’ हे शब्द त्याला पहिल्या दहा मिनिटांत येतील. पण अशा ऐकण्याला मर्यादा आहे. गिऱ्हाईक रोज जे मागतं तेवढंच तुम्हाला कळतं. वर्षातून एकदा मागितली जाणारी गोष्ट कळतच नाही, आणि सर्व्हर कोसळतो तो नेमका त्या दिवशी.

म्हणून पुढची पायरी म्हणजे स्वतः बोलून बघणं. काहीही शब्द फेकायचा आणि वेटरचा चेहरा वाचायचा. ‘हा शब्द मला माहीत नाही’ आणि ‘शब्द माहीत आहे, पण तू मागतोस ते चुकीच्या रीतीने मागतोस’ या दोन उत्तरांत जमीनअस्मानाचा फरक आहे. विंडोजचा सर्व्हर या दोन्हींना वेगवेगळे एरर क्रमांक देतो. त्यामुळे क्रमांकांची अख्खी यादी एकेक करून विचारत गेलं की लपलेल्या आज्ञा कुठे आहेत ते आपसूक दिसायला लागतं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. साध्या प्रोग्रामात बग म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. बेरीज करायला सांगितली आणि उत्तर चुकलं, तर तो बग. काय बरोबर हे तुम्हाला आधीच माहीत असतं. सांबाचं तसं नाही. फोल्डराचं नाव बदलताना त्यातली एक फाईल दुसऱ्या कुणी उघडून ठेवली असेल तर काय उत्तर द्यायचं? तर्काने चार उत्तरं सुचतील आणि चारही शहाणपणाची असतील. पण बरोबर उत्तर एकच, विंडोज देतो ते. विंडोज जर तिथे वेडगळ वागत असेल तर सांबालाही तितकंच वेडगळ वागावं लागतं, कारण जगातले हजारो प्रोग्राम त्या वेडगळपणावर विसंबून लिहिले गेलेत. त्यात ‘सुधारणा’ केली तर ती सुधारणाच बग ठरते.

यातून चाचणीची एक फार सुंदर पद्धत जन्माला आली. दोन सर्व्हर शेजारी शेजारी ठेवायचे, एक खरा विंडोजचा आणि एक सांबाचा. मग एक प्रोग्राम दोघांनाही तेच प्रश्न एकाच क्रमाने विचारत सुटतो: ही फाईल उघड, इथपासून तिथपर्यंत कुलूप लाव, नाव बदल, पुसून टाक, पुन्हा उघड. प्रश्न यादृच्छिक, म्हणजे फासे टाकून निवडलेले. कुठल्याही माणसाला सुचणार नाहीत अशा वेड्या क्रमाने. दोघांची उत्तरं जुळताहेत तोवर पुढे जायचं. जिथे फाटलं तिथे थांबायचं.

पण दहा हजार प्रश्नांनंतर फाटलं तर नेमका दोष कशात हे कसं शोधणार? तर तो प्रोग्राम मागे जातो आणि एकेक प्रश्न वगळून तीच मालिका पुन्हा चालवतो. हा वगळला तरी उत्तरं फाटतात का? मग तो बिनकामाचा, काढून टाका. असं करत शेवटी पाच-सहा प्रश्नांची अशी मालिका उरते की तीतला एकही काढला तर फरक दिसत नाही. फासे कुठल्या आकड्यापासून सुरू केले तोही जपून ठेवलेला असतो, म्हणजे उद्या दुसऱ्या कुणालाही तीच मालिका पुन्हा मिळते. ज्यांनी ‘कधी कधीच होतं हो’ या जातीची तक्रार ऐकलीय त्यांना या एका सोयीची किंमत कळेल.

फायलींच्या नावांतल्या ताऱ्याचा (*) खरा अर्थ सांबाला असाच कळला. फोल्डरात ‘सगळ्या पीडीएफ दाखव’ म्हणताना आपण तारा आणि टिंब वापरतो. डॉसच्या काळापासून त्याचे काही विक्षिप्त नियम चालत आलेत. त्यांच्यासाठी विंडोज नेटवर्कवरून बोलताना तारा, प्रश्नचिन्ह आणि टिंब यांच्या जागी कधी कधी ‘पेक्षा लहान’, ‘पेक्षा मोठा’ आणि अवतरणचिन्ह ही चिन्हं पाठवतो. त्यांच्या वागण्याचे बारकावे कळायला हजारो नावं आणि हजारो नमुने दोन्ही सर्व्हरांवर आपटून बघण्यापलीकडे उपाय नव्हता. ते काम करणारा प्रोग्राम म्हणजे मास्कटेस्ट. कुलपांसाठी लॉकटेस्ट, आणि बाकी सगळ्याची सरमिसळ करणारा जेनटेस्ट.

कुलपांविषयी थोडं थांबून सांगायला हवं, कारण माझ्या अनुभवात कचेऱ्यांमधली निम्मी रड तिथली असते. विंडोजवर एखादी फाईल कुणी उघडून ठेवली असेल तर दुसऱ्याला ती सहसा पुसता येत नाही. युनिक्सला यात काहीच वावगं वाटत नाही, उघडी फाईलही खुशाल पुसा. त्यामुळे कोणी कुठली फाईल कशासाठी उघडली आहे, इतरांना काय करायला मनाई केली आहे, याची वही सांबा स्वतःच ठेवतो. लहान, वेगवान अशा त्याच्याच एका डेटाबेसमध्ये. पण तुम्ही सांबाला वळसा घालून थेट लिनक्सवर लॉगिन केलंत आणि फाईल हलवलीत, तर त्या वहीत त्याची नोंद होत नाही. मग विंडोजवर बसलेला माणूस ‘फाईल गायब झाली’ म्हणतो, आणि त्याचं बरोबरच असतं.

याहून नाजूक प्रकार उधारीच्या कुलपाचा. सर्व्हर एखाद्या संगणकाला सांगतो की ही फाईल सध्या तुझ्याखेरीज कुणी मागितलेली नाही, तेव्हा एक प्रत तुझ्याकडे ठेव आणि बदल तिथेच कर, प्रत्येक अक्षरासाठी माझ्याकडे येऊ नकोस. दुसरं कुणी आलं तर मी हाक मारीन, तेव्हा केलेले बदल लगेच परत आणून दे. याने काम कितीतरी वेगाने होतं. पण हाक मारली, तिकडून उत्तर यायच्या आत तिसरा दारात उभा राहिला, आणि तेवढ्यात पहिल्याचं वायफाय गेलं, तर? अशा वेळेच्या शर्यतीतले बग हे या क्षेत्रातले सगळ्यांत चिवट बग. लॅपटॉपवर दहादा चालवा, दहाही वेळा सुरळीत. अकराव्यांदा वर्डची फाईल कोरी.

असे बग शोधायला चाचण्या पुन्हा पुन्हा, दिवसरात्र चालवाव्या लागतात. पण त्यासाठी प्रत्येक प्रोग्रामरने घरात सहा संगणक आणि एक स्विच मांडून बसायचं का? सांबावाल्यांनी इथे एक झकास युक्ती केली. प्रोग्राम आणि लिनक्स यांच्या मध्ये एक पातळ थर घातला, सॉकेट रॅपर नावाचा. प्रोग्रामला वाटतं आपण नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्राशी बोलतोय. प्रत्यक्षात सगळी बोलणी त्याच संगणकावरच्या एका फोल्डरातून होतात. जोडीला दुसरा एक थर प्रोग्रामला ‘तू रूट आहेस’, म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी आहेस, असं भासवतो. त्यामुळे सर्व्हर, सगळ्यांचं लॉगिन सांभाळणारा डोमेन कंट्रोलर, फायली मागणारे संगणक असं अख्खं कंपनीचं नेटवर्क एका लॅपटॉपच्या आत, विशेष परवानगीशिवाय उभं राहतं. सोंगाच्या पोटात आणखी एक सोंग. ‘मेक टेस्ट’ ही आज्ञा दिली की हा सगळा संसार मांडला जातो, हजारो चाचण्या होतात आणि शेवटी आवरला जातो.

कोणी सुचवलेली दुरुस्ती मुख्य कोडमध्ये जायची वाटही अशीच कडक आहे. आधी सांबाच्या चमूतल्या दोघांची मान्यता लागते. मग ऑटोबिल्ड नावाचं यंत्र ती दुरुस्ती घेऊन सगळ्या चाचण्या पहिल्यापासून चालवतं, त्याला काही तास लागतात. एक जरी अनपेक्षितपणे नापास झाली तरी दुरुस्ती परत.

त्या ‘अनपेक्षितपणे’ या शब्दात एक गंमत आहे. सांबाकडे ‘नोन फेल’ नावाची यादी असते, म्हणजे आज नापास होणार हे आम्हाला ठाऊक आहे अशा चाचण्यांची. बग सापडला की चांगला प्रोग्रामर आधी तो बग उघडा पाडणारी चाचणी लिहितो, ती खऱ्या विंडोजवर पास होते याची खात्री करतो, आणि सांबापुरतं तिचं नाव या यादीत टाकतो. त्यानंतर वेगळ्या पावलात खरी दुरुस्ती येते आणि तीच दुरुस्ती यादीतलं नावही खोडते. नाव खोडायला विसरलात आणि चाचणी पास झाली, तर यंत्र आरडाओरडा करतं की ही तर नापास व्हायला हवी होती, पास कशी झाली? नापासांचीही अशी हजेरी घेणारी शाळा मी तरी दुसरी पाहिलेली नाही. माझ्या मते या सगळ्या धडपडीत खरी ठेव आहे ती या चाचण्यांची. दुरुस्ती पाच ओळींची असते आणि पुढे कधीतरी ते कोड बदललं की विरूनही जाते. चाचणी मात्र वीस वर्षं तिथे उभी राहून प्रत्येकाला तोच प्रश्न विचारत राहते.

आता कोणी म्हणेल, एवढा आटापिटा कशाला? विंडोज कसं वागतं ते मायक्रोसॉफ्टलाच विचारावं ना. बराच काळ तो रस्ता बंद होता. युरोपीय आयोगाने मार्च २००४मध्ये मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरोंचा दंड केला आणि इतरांचे सर्व्हर विंडोजशी नीट बोलू शकतील इतकी माहिती उघड करायला सांगितलं. खटला चालत राहिला. सप्टेंबर २००७मध्ये युरोपच्या न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. त्याच वर्षी डिसेंबरात सांबासाठी काम करणाऱ्या एका संस्थेने एकदाच १०,००० युरो भरून ही कागदपत्रं मिळवण्याचा करार केला. काही आठवड्यांतच, फेब्रुवारी २००८पासून, मायक्रोसॉफ्टने ३०,०००हून अधिक पानं सगळ्यांनाच फुकट खुली केली. डिसेंबर २०१२मध्ये सांबाची चौथी आवृत्ती आली. ती विंडोजच्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचं, म्हणजे अख्ख्या कचेरीच्या लॉगिनचा कारभार बघणाऱ्या सर्व्हरचं सोंग घेऊ शकते. या कागदांवाचून ते कितपत जमलं असतं याची मला शंकाच आहे.

पण कागद आले म्हणून दोन सर्व्हर शेजारी ठेवायचं काम संपलं नाही. कागदात एक आणि विंडोज करतो दुसरंच, असं होतंच. मग खरं कोण? सांबाच्या दृष्टीने विंडोज. ग्राहकाच्या टेबलावर कागद नसतो, विंडोज असतो. असा फरक सापडला की सांबाचे लोक मायक्रोसॉफ्टच्या मदतीच्या पत्त्यावर कळवतात, तिथले अभियंते तपासतात आणि कागद सुधारला जातो. एकेकाळचे प्रतिस्पर्धी आता एकमेकांची प्रुफं तपासतात. वर्षातून एकदा स्टोरेज क्षेत्रातल्या कंपन्या आपापली यंत्रं घेऊन एका ठिकाणी जमतात आणि सगळ्यांची सगळ्यांशी जोडून बघतात. त्याला प्लगफेस्ट म्हणतात. मायक्रोसॉफ्टचे लोकही तिथे असतात.

आता माझ्या दोन फायलींकडे येतो. सांबाच्या लोकांची युक्ती मीही वापरली: हाच प्रश्न खऱ्या विंडोजला विचारून बघू. दोन्ही फायली सांबाच्या फोल्डरातून विंडोजच्या स्वतःच्या डिस्कवर ओढून टाकल्या. एकीने दुसरीला पुसलं नाही. ‘या नावाची फाईल आधीच आहे’ असा प्रश्नही आला नाही. विंडोजवरही त्या दोघी शेजारी शेजारी निवांत बसल्या. म्हणजे सांबा विंडोजसारखाच वागत होता. बग सांबाचा नाही, केस खलास.

मग दोष कुणाचा? दोष त्या ‘ऱ्या’चा. मराठीत आपण ‘आचार्य’ मध्ये रफार देतो आणि ‘दुसऱ्या’ मध्ये अर्धचंद्रासारखा र लिहितो. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या सगळ्या लिप्यांसाठीच्या अक्षरांच्या यादीत, या दुसऱ्या र साठी ‘ऱ’ असं स्वतंत्र अक्षर आहे. पण तेच अक्षर ‘साधा र आणि खाली नुक्ता, म्हणजे टिंब’ असं दोन तुकड्यांतही लिहिता येतं, आणि युनिकोडच्या नियमाने ही दोन्ही रूपं समान आहेत. जुन्या मॅकच्या डिस्कची रचना, एचएफएस प्लस, फायलींची नावं साठवताना अशी अक्षरं तोडून ठेवायची. विंडोजवर टंकलेलं नाव अखंड ऱ असलेलं. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. पण लिनक्सला अक्षर कळत नाही, त्याला दिसतात नुसते बाइट, म्हणजे साठवलेले आकडे, आणि बाइट वेगळे म्हणजे नाव वेगळं. चित्रकाराच्या जुन्या डिस्कवरच्या फायली एका रात्री आरसिंक हा फायलींची नक्कल करणारा प्रोग्राम लावून सर्व्हरवर उतरवल्या होत्या त्या मीच. (आरसिंकही ट्रिजेल यांच्याच हातचं. या माणसापासून सुटका नाही.) आणखी एक तिसरी रीत आहे: र, हलन्त आणि मग डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. काही कळफलक तशी लिहितात. म्हणजे त्या फोल्डरात तिसरी ‘दुसऱ्या’ अजून आलेली नव्हती, इतकंच.

याच्या बरोबर उलट अनुभव लांब नावांचा आला. उपसंपादकांना लेखाचं संपूर्ण शीर्षक, लेखकाचं नाव आणि तारीख असं सगळं फाईलच्या नावात घालायची सवय. विंडोजच्या डिस्कवर ते चालायचं, सर्व्हरवर टाकायला गेलं की नकार. विंडोज नावाची लांबी मोजतो ती साधारण अक्षरचिन्हांत, मर्यादा २५५. लिनक्सची नेहमीची ईएक्सटी४ ही रचना मर्यादा तीच ठेवते, पण बाइटमध्ये. इंग्रजीच्या एका अक्षराला एक बाइट, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त, सगळे वेगळे मोजायचे. ‘ग्रामपंचायत’ या एका शब्दाचे अकरा चिन्हं आणि तेहेतीस बाइट होतात. २५५ला तीनने भागा, ८५ चिन्हांत खेळ आटोपला. इथे सांबा विंडोजपेक्षा वेगळा वागतो हे खरंच, पण तो तरी काय करणार? खालची जमीनच तेवढी आहे.

लहान-मोठ्या लिपीचं भांडण मराठी नावांत येत नाही, पण कॅमेऱ्यातून उतरवलेल्या फोटोंच्या इंग्रजी नावांत येतं. विंडोजला कॅपिटल आणि स्मॉल सारखेच, लिनक्सला वेगळे. म्हणून विंडोजने एखादं नाव मागितलं आणि ते जसंच्या तसं मिळालं नाही, तर सांबाला अख्खं फोल्डर चाळावं लागतं, न जाणो दुसऱ्या लिपीत असलं तर. सगळ्यांत महाग पडतं ते ‘नाही’ हे उत्तर. नवी फाईल बनवण्याआधी ती नाही ना हे बघावंच लागतं, आणि फोल्डरात लाखभर फोटो असले तर प्रत्येक नव्या फोटोगणिक लाख नावांची झडती. लोक याला ‘सर्व्हर स्लो झालाय’ म्हणतात आणि नवी डिस्क विकत घेतात.

सगळेच बग सोंग बिघडल्याचे नसतात, काही निखळ भोकं असतात. मे २०१७मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने विंडोजच्या एसएमबीतल्या चुकीचा फायदा घेऊन जगभर धुमाकूळ घातला. लिनक्सवाले मिशीत हसत होते. बाराच दिवसांनी, २४ मे रोजी, सांबाने स्वतःच्या एका चुकीची घोषणा केली. सर्व्हरकडे एक खास नाव मागितलं की तो त्या नावाचा प्रोग्रामचा तुकडा शोधून चालवायचा. नावात तिरपी रेघ घातली तर नावाचा रस्ता व्हायचा, आणि हल्लेखोराने आधीच शेअर्ड फोल्डरात टाकून ठेवलेला स्वतःचा तुकडा सर्व्हर इमानेइतबारे चालवायचा. २०१०च्या ३.५ या आवृत्तीपासून ही चूक तिथे होती, सात वर्षं. दुरुस्तीचा गाभा काय, तर नावात तिरपी रेघ दिसली तर नाही म्हणा. मोजून काही ओळी. हसू थांबलं.

सुसंगतता जपायची म्हणजे जुनं कायम चालवत राहायचं असंही नाही. वॉनाक्राय शिरला तो एसएमबीच्या पहिल्या पिढीतून. २०१९मध्ये सांबाने ४.११ या आवृत्तीत ती पिढी आपणहून बंद ठेवायला सुरुवात केली. चूक दुरुस्त व्हायच्या नादात चालू असलेलं काहीतरी बंद पडणं हे इथलं नेहमीचं दुखणं आहे. आमच्या कचेरीत सर्व्हर अपडेट केला आणि दुसऱ्या दिवशी फोटोकॉपीच्या जुन्या मशीनमधून स्कॅन केलेली पानं सर्व्हरवर येईनाशी झाली. त्या मशीनला एसएमबीची ती पहिली पिढी सोडून दुसरं काही येतच नव्हतं. एक सेटिंग बदलून जुनं दार पुन्हा उघडता येतं, पण ते सगळ्यांसाठीच उघडतं. मी मशीनला एफटीपीची, म्हणजे फायली पाठवायच्या दुसऱ्या एका भाषेची, वाट दाखवली आणि दार बंदच ठेवलं. २०२४च्या शेवटी विंडोज ११च्या २४एच२ या अपडेटने उलट बाजूने तोच प्रकार केला. पासवर्डाशिवाय, पाहुणा म्हणून उघडे ठेवलेले शेअर्ड फोल्डर कितीतरी घरांत आणि दुकानांत अचानक दिसेनासे झाले. सांबात काहीही बिघडलेलं नव्हतं.

कुणाला खरोखर बग सापडलाच तर त्याने काय पाठवावं? सांबाची नेमकी आवृत्ती आणि टेस्टपार्म ही आज्ञा सेटिंग्जची जी यादी काढून देते ती. लॉगची, म्हणजे प्रोग्राम स्वतः लिहितो त्या रोजनिशीची, पातळी १० करून बिघाड होताना पकडलेला लॉग. आणि वायरशार्कसारख्या साधनाने टिपलेलं तारेवरचं संभाषण, शक्य असेल तर दोनदा: एकदा सांबाबरोबरचं, एकदा तेच काम खऱ्या विंडोज सर्व्हरबरोबर केल्याचं. हे दुसरं पाठवणारे फार थोडे, पण दुरुस्ती करणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. लॉगमध्ये माणसांची आणि फायलींची नावं असतात हे पाठवण्यापूर्वी आठवावं. आणि भोक सुरक्षेचं वाटलं तर ते सार्वजनिक नोंदीत लिहायचं नाही, त्यासाठी सांबाचा वेगळा खाजगी पत्ता आहे.

आमच्या कचेरीत मात्र एवढ्या थराला जायची वेळ आलीच नाही. मी संपादिका बाईंना सगळी हकिकत सांगितली आणि सुचवलं की फायलींच्या नावात हे असलं ‘ऱ्या’ शक्यतो टाळा.

“टाळू म्हणजे? ‘दुसर्या’ लिहू?” त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या. “माझ्या अंकाच्या फोल्डरात?”

तेव्हा आता रोज रात्री दोन वाजता सर्व्हरवर एक छोटी स्क्रिप्ट चालते, तुटलेले सगळे ऱ जोडून ठेवते आणि जोडल्यावर नावं एकमेकांवर आदळली तर सकाळी मला मेल पाठवते.